मुका पाट

चष्म्यावर वाफ धरायची थांबली की समजावं, इथला उन्हाळा उतरला. जून ते सप्टेंबर आम्ही शारजातल्या अल मजाजची माणसं लिफ्टने खाली येतो आणि इमारतीचं दार उघडताक्षणी आंधळी होतो. एसीतून त्या दमट हवेत पाऊल टाकलं की काचा पांढऱ्याफटक. मग ओढणीने, रुमालाने, हाताला लागेल त्याने पुसत गाडी शोधायची. यंदा ऑक्टोबरमधल्या एका सकाळी खाली उतरले आणि समोरचं लगून चक्क स्वच्छ दिसलं. काठाने चालणारी मंडळीही परतली होती. मी तिथेच उभं राहून एक मोठा श्वास घेतला, तेवढ्यात सुहासने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"शेड्यूल आलं. पहिला होम गेम शुक्रवारी. म्हणजे गुरुवारी सकाळी फ्लोअर टाकायचा."

सुहास माझा नवरा. अजमानला आमचं सुतारकामाचं छोटं वर्कशॉप आहे. प्रदर्शनांचे स्टॉल, लग्नांची स्टेजं, हॉटेलांची काउंटरं, असली कामं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. मग इथल्या बास्केटबॉल संघाला युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत घेतलं आणि दुबईच्या एका मोठ्या हॉलमध्ये प्रत्येक सामन्याआधी लाकडी जमीन अंथरायचं काम आमच्याकडे आलं. त्या हॉलमध्ये एरवी गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यामुळे जमीन कायमची नाही. मेपलचे दोनशेहून जास्त चौकोनी तुकडे एकात एक अडकवायचे, सामना झाला की सोडवून ट्रॉल्यांवर रचायचे. कागदोपत्री त्या तुकड्यांना पॅनेल म्हणतात. आमची माणसं पाट म्हणतात. हे नाव मेस्त्रींनी दिलं आणि आता मल्याळी पोरंसुद्धा 'पाट उठाओ' म्हणतात.

शेड्यूल आलं की मला मेस्त्री आठवतात. त्यांचा तो एक हंगाम, त्यांचा शेवटचा, माझ्या डोक्यातून जात नाही.

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची सई शाळेच्या संघात आहे, ती जीव तोडून समजावते. मी मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारते. "आई, यू आर होपलेस," हे तिचं माझ्याबद्दलचं मत. पण त्या हंगामाचे महिने मला सामन्यांवरूनच आठवतात. नोव्हेंबरात बेलग्रेडची माणसं आली, ती हातात लोकरी कोट घेऊन मागच्या दाराने आत शिरली आणि दारातल्या उकाड्याला हसली. डिसेंबरात इस्तंबूलच्या पाहुण्यांनी सराव संपल्यावर आमच्या माणसांना खजूर वाटले. खजुराच्या देशात येऊन खजूर! जानेवारीत पाऊस पडला, रस्त्यांची तळी झाली आणि पाटांचा ट्रक शारजाच्या एका चौकात तीन तास अडकून पडला. ही सगळी चित्रं एकीकडे आणि हॉलमध्ये अनवाणी चालणारे मेस्त्री एकीकडे.

वसंत मेस्त्री लांज्याकडचे. आमच्याकडे सगळ्यात जुने, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला वहिनी म्हणायचे. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल, आणि गुडघे पार गेलेले. जमीन टाकायच्या दिवशी हॉलच्या नियमाप्रमाणे सगळ्यांच्या पायात जाडजूड सेफ्टी शूज. मेस्त्री पहिल्या पाटापर्यंत ते घालून यायचे आणि तिथे शिस्तीत काढून ठेवायचे. हॉलचा सेफ्टीवाला ओरडायचा. मेस्त्री शांतपणे म्हणायचे, "हबीबी, लकडी पे जूता नहीं चलता." मग तो माझ्याकडे यायचा. मी मेस्त्रींकडे जायची. "काय हो, रोज माझं डोकं का खाता?"

"वहिनी, पाटावर कोण चप्पल घालून चढतं? जेवायचा असो नायतर देवाचा."

मधली ओळ आधी टाकायची, मग दोन्ही बाजूंनी वाढवत जायचं. ओळ पुरी झाली की मेस्त्री एक चेंडू घेऊन तिच्यावरून एकेक पाट आपटत जायचे. प्रत्येक पाटाचा आवाज ऐकायचे. फणस पारखावा तसा बोटांच्या मागच्या बाजूने ठोकून बघायचे. खालचं रबर सरकलं असेल किंवा कडा नीट बसली नसेल, तर चेंडू तिथे मरगळतो, हवा तेवढा उसळत नाही. "हा मुका आहे," म्हणायचे. उचलून परत बसवला की बोलायला लागायचा. मला सगळे पाट सारखेच वाटायचे. तसं म्हटलं की ते मान हलवायचे. आमच्या सईसारखीच.

आदला हंगामभर हे असंच चाललं होतं. मग त्या सप्टेंबरात त्यांनी सांगून टाकलं होतं, हा हंगाम झाला की मी गावी चाललो. सुहासने थांबवून पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून हसले. मग चहा पिताना मला एकटीला म्हणाले, "वहिनी, एक मागू? मॅच बघायचीय मला. एकच."

"एवढंच ना? टीव्हीवर लागते की."

"टीव्हीवर नाय. तिथं बसून. एकतीस वर्षं झाली गल्फमधे. कितने तो स्टॉल बांधले. चार दिवसांत खलास, तोडा, ट्रकमधे भरा. शेखच्या व्हिलात जिना केला, पॉलिश सुकायच्या आत सुपरवायझर बोलला, यल्ला, बाहेर. मी केलेल्या वस्तूवर माणूस चाललाय, बसलाय, हे मी एकदा पण बघितलं नाय. एकदा माझा पाट वाजताना ऐकायचाय. माणसांनी भरलेल्या हॉलमधे."

आमच्या माणसांची बस सामन्याच्या कितीतरी आधी हॉल सोडते आणि जमीन उचलायला दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते. त्यामुळे त्यांनी कधी सामना पाहिलाच नव्हता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, याची तेव्हा लाज वाटली. मी म्हटलं, पहिल्याच सामन्याचं तिकीट काढते. किती सोपं वाटलं होतं ते.

पहिला सामना आणि खंडेनवमी एकाच आठवड्यात आली. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. करवती, पटाशी, रंधे ओळीने मांडायचे, धुऊनपुसून तेलाचं बोट लावायचं, झेंडूच्या पाकळ्या, नारळ. यंत्रांनासुद्धा कुंकू लागतं. त्या दिवशी सकाळी पूजा आटपूनच माणसं हॉलवर गेली. जमीन टाकताना मेस्त्रींना दोन पाटांच्या कडा चिरलेल्या दिसल्या. तिथलं पॉलिश उडालं होतं आणि आतलं लाकूड एसीच्या हवेने कोरडंठक्क पडलं होतं. पूजेची खोबरेल तेलाची बाटली खिशातच होती. घरी नवा पोळपाट आणला की आपण काय करतो? तेच त्यांनी केलं. तेल चोळलं, फडक्याने पुसलं, आणि वरून अनवाणी चालून पाहिलं. अनवाणी पायाला ते लाकूड छान लागलं. पायाची कातडी लाकूड धरून ठेवते. रबरी बुटाचं तसं नसतं, हे त्यांना कुठून कळणार? बूट घालून ते त्या जमिनीवर कधी चाललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावाला मी हॉलमध्ये होते. आमच्या संघातला एक उंच पोरगा पळत आला आणि त्याचा पाय असा सरकला की तो बसकण मारून चार हात पुढे गेला. त्याला काही झालं नाही, हसतच उठला. पण स्पर्धेतर्फे जमीन तपासायला आलेले अथेन्सचे एक वयस्कर गृहस्थ तिथे होते. त्यांनी गुडघे टेकले, पाटावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मी चार पावलांवर होते. वास मलाही आला. कालच्या पूजेच्या खोबरेलाखेरीज असा वास येणारं दुसरं काही त्या हॉलमध्ये असणं शक्यच नव्हतं.

पुढे जे मी केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी घाबरले होते. काम हातचं जाईल, सुहासची वर्षानुवर्षांची मेहनत जाईल, असं सगळं एकदम डोक्यात आलं. मेस्त्रींना बोलावलं. सगळ्या माणसांदेखत, हॉलवाल्यांदेखत मी त्यांच्यावर ओरडले, "मेस्त्री, हे काय तुमच्या घरचं देवघर आहे तेल चोपडायला? या वयात एवढी अक्कल नाही?"

मेस्त्री पाटाच्या कडेला जाऊन खाली बसले, गुडघे दुखत असल्यामुळे वेळ लागला, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि बाहेर गेले. दोन्ही पाट बदलले, सामना वेळेवर झाला. हॉलने मात्र मेस्त्रींचा पास काढून घेतला. जमिनीच्या कामावर हा माणूस नको, असं लेखी आलं. तिकीट माझ्या पर्समध्ये तसंच राहिलं. घरी सईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बट ही वॉज टेकिंग केअर ऑफ इट, आई." मी तिला अभ्यासाला बस म्हटलं.

नोव्हेंबर, डिसेंबर मेस्त्री वर्कशॉपमध्ये शेल्फं करत होते. माझ्याशी बोलायचे, कामापुरतं. 'वहिनी' तेवढं गळालं होतं. आता मॅडम म्हणायचे. त्या एका शब्दाने मला जेवढं खाल्लं तेवढं त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी खाल्लं नसतं.

संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले आणि डबा घेऊन अजमानला गेले. सगळ्यांना वाटले. मेस्त्रींच्या हातावर लाडू ठेवला. ठेवताना जे म्हणायचं असतं ते मला म्हणवेना, कारण गोड बोलायचं राहिलं होतं ते माझ्याकडून. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते." करवत बंद झाली. सगळे बघत होते. मेस्त्रींनी लाडू अर्धा मोडून खाल्ला.

"तेल लावलं ते चूकच होतं," ते म्हणाले. "पोराचा पाय मोडला असता तर? त्याची आई माझ्या नावाने रडली असती."

"सामन्याला चला. पुढच्याच आठवड्यात आहे. मी तिकीट काढते."

त्यांनी मान हलवली. "ज्या जमिनीवर मला पाऊल ठेवू देत नाय, ती मी वरती खुर्चीत बसून काय बघू? टाकली दुसऱ्याने, बघणार मी. नको. असू दे. सब का नसीब में सब नहीं होता."

म्हणजे तिकिटाने काम होणार नव्हतं. त्यांनी स्वतः टाकलेली जमीन हवी होती, आणि एप्रिलअखेरचं त्यांचं विमान ठरलं होतं. मी हिशेब मांडला, घरचे सहा सामने उरले होते. मग मी नाक मुठीत धरून हॉलच्या ऑफिसात खेपा घातल्या. पत्र लिहिलं. माणूस माझा, सूचना द्यायची जबाबदारी माझी, चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं. उत्तर नाही. पाच सामने उरले, मग चार, मग तीन. प्रत्येक वेळी ऑफिसातला मुलगा गोड हसून 'इन्शाल्ला, मॅडम' म्हणायचा. इथे त्या शब्दाचा अर्थ कधी 'हो' असतो आणि कधी 'घरी जा' असतो, आणि ते ओळखायला मला वीस वर्षंही पुरली नव्हती.

मार्चमध्ये ते अथेन्सचे गृहस्थ पुन्हा तपासणीला आले. मी त्यांना दारातच गाठलं. माझं इंग्रजी घाईत पार कोलमडतं, तरी सगळं सांगितलं. एकतीस वर्षं, स्टॉल, जिना, पोळपाट. पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना, तेव्हा हाताने लाटून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, त्यांचे आजोबा होड्या बांधायचे आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाला दर वर्षी ऑलिव्हचं तेल पाजायचे. लाकूड तहानलेलं दिसलं की आजोबांना राहवायचं नाही. त्यांनी मेस्त्रींच्या पासाचा कागद मागवला, सही केली, आणि बोट उगारून मला बजावलं, "पण नारळ नाही."

शेवटच्या घरच्या सामन्याच्या आदल्या सकाळी मेस्त्री हॉलमध्ये आले. पहिल्या पाटापाशी थांबले, बूट काढले. सेफ्टीवाला बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि मग तो दुसरीकडे बघायला लागला. मेस्त्रींनी मधली ओळ स्वतः टाकली. दर दोन पाटांनी गुडघे धरून थांबत होते, कुणाला मदत करू देत नव्हते. ओळ झाली तसा चेंडू घेऊन आपटत निघाले. दोन पाट मुके निघाले, परत बसवले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, उद्या किती वाजता?"

वहिनी. मी पाठ फिरवून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिले.

सामन्याच्या संध्याकाळी ते पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि मुलीच्या लग्नातले बूट घालून आले. तिकिटावरची किंमत बघायला गेले, मी तिच्यावर अंगठा ठेवला. सई त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. हॉल खच्चून भरला होता. ढोल, भोंगे, अरबी, इंग्रजी, सर्बियन, मल्याळम, सगळं एकाच वेळी. सामना सुरू झाला. मी मेस्त्रींकडे बघत होते. ते वाकून बसले होते, डोळे मिटलेले, कान पुढे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला.

"काय झालं हो?"

"वहिनी, एवढ्या माणसांत पाट ऐकूच येत नाय."

तीन महिने मी कुणाकुणाच्या पाया पडत होते, आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भरलेला हॉल हवा आणि त्यात लाकडाचा आवाज हवा, या दोन गोष्टी एकत्र कशा जमणार? ते मला समजावायला लागले, "असू दे, बघायला तर मिळालं ना. चालतायत, पळतायत. बरं वाटलं." मी रडायच्या बेतात होते.

शेवटची दोन मिनिटं उरली असतील. आमच्याच एका खेळाडूला कुणीतरी धक्का दिला, शिट्टी वाजली. पंचांनी चेंडू त्याच्या हातात दिला आणि तो बास्केटसमोरच्या रेषेवर एकटा उभा राहिला. तोच तो ऑक्टोबरात घसरलेला पोरगा.

सईने मेस्त्रींचा दंड धरला. "काका, लिसन. फ्री थ्रो. आपला प्लेअर असला की होम क्राउड क्वाएट होतो. त्याला कॉन्संट्रेट करायला."

आणि खरंच, आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग वरच्या. ढोल थांबला. कुणीतरी 'श्श' केलं. हजारो माणसांचा तो हॉल श्वास रोखून बसला. पोराने चेंडू खाली आपटला. टप. पुन्हा आपटला. टप. तिसऱ्यांदा. टप.

मला प्रथमच ऐकू आलं ते. लाकडाचा भरीव, गोल, मोकळा आवाज, थेट वरच्या छपरापर्यंत गेलेला.

मेस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. खाली पाहिलं तर त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले होते आणि दोन्ही पावलं जमिनीला टेकवली होती. "वाजला," ते म्हणाले. मग गालावरून हात फिरवला. पुन्हा म्हणाले, "वाजला हो."

आम्ही तो सामना जिंकलो की हरलो, हे सईला विचारावं लागेल.

मेस्त्री एप्रिलअखेर गेले. बदलून काढलेल्या दोन पाटांपैकी एक त्यांनी कार्गोने गावी नेला. घराच्या ओटीवर टाकलाय आणि संध्याकाळी त्यावर बसून चहा पितात. फोटो पाठवला होता. तेल पाजून पाजून काळाभोर केलाय. आता ओरडायला तिथे कुणी नाही.

परवा गुरुवारी सकाळी मी हॉलवर गेले. नवी माणसं, नवा मुकादम. मधली ओळ टाकून झाली होती. कडेला एक चेंडू पडला होता. का कोण जाणे, मी तो उचलला आणि सेफ्टी शूज घालूनच त्या ओळीवरून एकेक पाट आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फोनवर सगळा आवाज भरून घेतला आणि लांज्याला पाठवून दिला. सोबत काही लिहिलं नाही. म्हटलं, बरं वाटेल त्यांना, डोळे भरून येतील, वगैरे.

पाचच मिनिटांत उत्तर आलं. मागे कोंबड्यांचा आवाज होता, आणि सूर नेहमीचा, कामाचा. "वहिनी, सातवा मुका आहे. बुटाने कळायचा नाय तुम्हाला. ठोकून बघा."

मी खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट पाटाबाहेर ठेवले आणि पहिल्यापासून मोजत निघाले.